चिलखताची चरबी

१

सौटेनबर्गच्या गडावर काहीतरी बिनसलंय याची पहिली शंका हवालदार योरिसला आली, कारण त्या सकाळी त्याला कुणी नरकाची भीती घातली नाही. चाळीस दिवसांचा उपास सुरू झाल्यापासून फादर बाव्हो रोज उजाडताच शिपायांच्या खोलीत येत आणि एकेकाच्या तोंडाचा वास घेत. कुणी चोरून मांस, अंडं, लोणी, चरबी असलं काही खाल्लंय का, याची ती तपासणी. आज फादर आलेच नाहीत. योरिस त्यांच्या खोलीत जाऊन पाहतो तर फादर गुडघे पोटाशी घेऊन अंथरुणात आक्रसून पडलेले, अंग थंडगार.

घटकाभरात किल्लेदार गोसविनसाहेबांनी स्वयंपाकीण आख्त हिला मिठाच्या कोठीत कोंडलं. कारण अख्ख्या गडाला पाठ होतं. पंधरा दिवसांपूर्वी आख्तनं कांदा परतताना तव्याला लपवून ठेवलेली बोटभर चरबी लावली, म्हणून फादरनी तिला हातात मेणबत्ती देऊन दिवसभर चॅपलच्या पायरीवर उभं केलं होतं. बाई तोंडाची फटकळ. भर चौकात म्हणाली, तुझं पोट सडून मरशील. त्यानंतर चारच दिवसांत फादरचं पोट दुखायला लागलं, आणि काल संध्याकाळी त्यांच्यासाठी बडीशेपेचा काढा कुणी पाठवला होता, तर तिनंच. झालं. लोकांना आणखी काय लागतं?

सकाळच्या ओहोटीबरोबर शहराकडे नाव गेली. दुपारच्या भरतीला ती कोतवालाला घेऊन परत येणार होती. त्या मुलखात विष घालणाऱ्या बाईला फाशी देत नसत, जिवंत पुरत.

विषानं मेलेल्या माणसाला हात लावायला कुणी धजेना, म्हणून मयताला धुण्याचं काम झेगरच्या गळ्यात पडलं. झेगर म्हणजे गडाच्या शस्त्रागाराचा राखणदार, साठी उलटलेला, उभा जन्म लोखंडावरचा गंज काढण्यात गेलेला. त्याच्या हाताला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा तो मेजाचा खिळा अंगठ्यानं घासत बसे. आख्त त्याला म्हणायची की तू मेल्यावर तुझं थडगं घासायला तूच उठून येशील. तिची ही बडबड ऐकायला तो एक दिवसाआड काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचा, आणि याहून जास्त काही त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

फादरचा जबडा उघडा पडू नये म्हणून तो हनुवटीखालून फडकं बांधायला गेला आणि ओठ जरा वर सरकला. झेगर थांबला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेकडेनं, एक निळसर काळी रेघ होती.

ही रेघ त्यानं पाहिली होती. तरुणपणी तो ब्रूगला ढाली रंगवणाऱ्यांच्या गल्लीत उमेदवारी करत होता. तिथे शिशाचा सफेता, म्हणजे ढालींचा पांढरा रंग, घोटणारे कारागीर होते. आधी त्यांच्या तोंडाला गोडसर चव यायची, मग पोटात मुरडा, मग असेच गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. त्या प्रत्येकाच्या हिरड्यांना ही निळी रेघ असायची.

सौटेनबर्गच्या गडावर सफेता एकाच जागी होता, झेगरच्या फळीवर. आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यानं तो स्वतःच्या हातांनी चिलखताच्या चरबीत मळला होता.

२

त्याचं असं झालं होतं. सौटेनबर्ग हा खाऱ्या दलदलीतला गड. तिथलं धुकंच खारट. कड्यांची चिलखतं वाळू आणि शिरका घालून पिंपात कितीही लोळवा, बाहेर काढून टांगली की दोन दिवसांत त्यांवर तांबूस ठिपके. त्यावर इलाज म्हणजे बिनमिठाची डुकराची चरबी. स्वयंपाकाच्या खारवलेल्या चरबीनं लोखंड उलट लवकर गंजतं, म्हणून झेगरचं चरबीचं मडकं वेगळं, कुलपात. दर शनिवारी तो प्रत्येक शिपायाच्या डबीत अक्रोडाएवढा गोळा टाकायचा आणि ज्यानं त्यानं तो आपापल्या चिलखताला चोळायचा.

उपासात मात्र एक पीडा असे. स्वयंपाकघरातली चरबी फादर उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारीच, किल्लेदारांसमोर मोजून चॅपलखालच्या तळघरात कोंडत आणि किल्ली गळ्यात घालत. मग गडावर चरबी उरे ती फक्त चिलखताची, आणि महिनाभर वाटाणे न् सुके मासे खाऊन वैतागलेली माणसं डबीतली चरबी बोटानं चाटत. झेगरनं दरवर्षी शिव्या घातल्या आणि दरवर्षी काणाडोळा केला.

यंदा ग्रेगरी संतांच्या दिवसाआधी, म्हणजे उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात, धुकं हटेना. साधी चरबी टिकेना, गंज रातोरात परत. तेव्हा झेगरला ब्रूगचा जुना नुस्खा आठवला. चरबीत सफेता मळला की लोखंडावर असा थर बसतो की समुद्र ओतला तरी ढिम्म. त्यानं मडकं मळून ठेवलं आणि शनिवारी तेराच्या तेरा शिपाई रांगेत असताना बजावलं की या चरबीत आता विष आहे, जीभ लावाल तर आतडी पिळून मराल. सगळे हसले. पण त्या दिवसापासून चाटणं बंद झालं.

शिपायांचं बंद झालं. फादर त्या रांगेत नव्हते, आणि फादर चरबी खातील असं गडावरचं कुत्रंसुद्धा म्हणालं नसतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून सगळा गड आख्तच्या मांडण्या उपसून विष शोधत होता, आणि ते झेगरच्या कमरेच्या किल्लीखाली होतं. तो तडक किल्लेदाराच्या दालनाकडे निघाला. निम्म्या जिन्यात थबकला. सांगणार काय, की विष माझ्या मडक्यातलं आहे म्हणून? किल्लेदार म्हणेल, उत्तम, आख्त आणि तू एकमेकांच्या दारात सदा उभे, तुझ्या मडक्यातलं तिनं उचललं. अर्धं सत्य सांगून तो तिला खड्ड्यात आणखी हातभर खाली ढकलणार होता. मडक्यातून फादरच्या तोंडापर्यंत चरबी कशी गेली, हे भरतीच्या आत कळायला हवं होतं. तो उलट्या पावली मिठाच्या कोठीकडे वळला.

दाराच्या झरोक्यातून आख्तचा अर्धा चेहरा दिसत होता. डोळे सुजले होते, पण जीभ शाबूत होती. निरोप घ्यायला आलास की मीठ न्यायला, असं तिनं विचारलं. झेगरनं वाद घातला नाही. फादर काय काय खायचे, एवढंच विचारलं.

“माझ्या हातचं? राखेच्या बुधवारापासून एक घास नाही,” आख्त म्हणाली. “कोरडा पाव आणि पाणी. तेही स्वतः येऊन घेऊन जायचा, खोलीत दार लावून खायचा. मी विष घालणार कशात, पाण्यात? विहीर सगळ्यांची एकच आहे.”

“आणि काढा?”

“शिंक्यात तसाच असेल बघ त्याच्या खोलीत. माझ्या हातचं म्हटल्यावर तोंड लावायचा नाही तो.” मग ती झरोक्याला आणखी चिकटली. “ऐक म्हाताऱ्या. मी स्वयंपाकीण आहे, मला माणसांचे गाल कळतात. पहिले तीन आठवडे त्या माणसाचे गाल वर आले. कोरड्या पावावर. आणि पाव रोज दुप्पट मागायचा. कोरडा पाव कुणी दुसऱ्यांदा मागतं का रे?”

झेगर मनात दिवस मोजू लागला. ग्रेगरी संतांच्या दिवसापर्यंत गाल वर येत होते, आणि त्यानंतर पोट दुखायला लागलं. म्हणजे फादर आधीपासूनच काहीतरी पावाला लावून खात होते. त्या दिवसापासून फक्त ते काहीतरी बदललं होतं.

“मला पुरतील का रे?” आख्तनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

“नाही,” झेगर म्हणाला, आणि आपण हे कशाच्या जोरावर बोललो ते त्याचं त्यालाच कळेना.

३

मडक्याची किल्ली झेगरकडे, आणि कुलूप फोडलेलं नव्हतं. तेव्हा चरबी गेली असेल तर डबीतून. तेरा डब्या, तेरा माणसं. त्यांतल्या कुणाचं फादरशी वाकडं होतं, असं विचाराल तर सगळ्यांचंच. पण एकाचं नाव लगेच जिभेवर येत होतं, ते म्हणजे योरिस. महिन्यापूर्वी फादरना त्याच्या गादीत एक सॉसेज सापडलं होतं. ईस्टरनंतर अनवाणी तीर्थयात्रा करून ये, नाहीतर पापमुक्ती नाही, अशी शिक्षा त्यांनी त्याला दिली होती. योरिसचं वजन पाहता ती देहदंडाचीच शिक्षा होती.

झेगरला वाटलं, या लबाडानं शिक्षा सौम्य व्हावी म्हणून फादरना चरबीचा नजराणा तर दिला नसेल? आणि नजराणा देता देता एका दगडात दोन पक्षी?

योरिस तटावर सुका मासा चावत बसला होता. प्रश्न ऐकून तो आधी चिडला, मग हसता हसता त्याला ठसका लागला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातलं हे हसणं नव्हतं, खरंखुरं होतं. त्यानं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला आणि सांगितलं की फादरना सॉसेज एक सापडलं, गादीत होती सहा. ज्याच्याकडे सॉसेज आहे तो चिलखताच्या चरबीच्या भानगडीत कशाला पडेल? आणि लाच द्यायचीच असती तर त्यानं सॉसेज दिलं असतं, गंजाचं मलम नव्हे.

“माझं चिलखत बघ जाऊन,” योरिस म्हणाला. “माझी चरबी जिथे जायला पाहिजे तिथेच गेलीय. चरबी कुणाची कुठे जाते ते लोखंडाला विचार उस्ताद. माणसांना कशाला विचारतोस?”

योरिसच्या तोंडून शहाणपण निघणं हा त्या गडावर चमत्कारच होता. झेगरला स्वतःचीच लाज वाटली. गंज हेच ज्याचं आयुष्य, त्याला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं.

तो जवळजवळ धावतच शस्त्रागारात गेला. खिडकीतून दलदल दिसत होती. पाणी अजून दूर होतं, पण ओढ्यांतून चकाकत आत सरकायला लागलं होतं. तेरा चिलखतं लाकडी दांड्यांवर ओळीनं टांगलेली. त्यानं एक करडं फडकं घेतलं आणि पहिल्या चिलखताच्या बाहीवर दाबून फिरवलं. फडक्यावर बुळबुळीत पांढरा डाग. दुसऱ्यावर तसाच. योरिसच्या चिलखतावर तर थरच होता. सातवं, आठवं, नववं. प्रत्येक पांढऱ्या डागाबरोबर एक माणूस सुटत होता आणि आख्त मात्र अडकतच चालली होती.

बाराव्यापर्यंत दर वेळी पांढराच डाग. तेराव्या चिलखतावरून फिरवलेलं फडकं विटकरी रंगाचं निघालं.

त्यानं कॉलरची खूण पाहिली. चिलखत लिव्हेनचं होतं. लिव्हेन दर शनिवारी रांगेत सगळ्यात पुढे उभा असायचा, डबी दोन्ही हातांत धरून.

४

लिव्हेन तिशीचा, अबोल, प्रार्थनेला एक दिवस न चुकणारा. तो दलदलीकडच्या बुरुजावर उभा होता आणि खाली बघत होता. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. भिंतीबाहेर ओल्या मातीचे चारदोन उंचवटे होते. बाप्तिस्मा न झालेली पोरं आणि पापमुक्ती न मिळालेली माणसं तिथे पुरत.

त्याच्याकडे येण्याआधी झेगर, लिव्हेन रोज जिथे जायचा त्या चॅपलमध्ये आणि मग फादरच्या खोलीत डोकावून आला होता. खोलीतला गुडघे टेकायचा प्रार्थनेचा पाट उचलला तेव्हा त्याखाली त्याला एक लाकडी वाडगा सापडला. वाडग्याच्या कडेला पांढुरकी चरबी चिकटलेली आणि तळाशी पावाचे तुकडे. तो वाडगा आता त्याच्या झग्यात होता.

“लिव्हेन, तुझ्या डबीतली चरबी कुठे जाते?”

लिव्हेननं खोटं बोलण्याचा प्रयत्न केला नाही. उपासाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं बोट चाटलं होतं आणि कबुलीत ते सांगितलं होतं. फादर म्हणाले, मोह जवळ बाळगू नये. दर शनिवारी डबी मला आणून दे, मेरीमातेच्या दिव्यात घालीन. तेच तुझं प्रायश्चित्त.

“दिव्याची वात कोरडी आहे,” झेगर म्हणाला. “कोळ्यानं जाळं विणलंय त्यात. आत्ताच पाहून आलो.”

“मला माहीत आहे.”

वाऱ्यानं दोघांचे झगे फडफडत होते. झेगरला ऐकायचं होतं आणि ऐकू नये असंही वाटत होतं.

ग्रेगरी संतांच्या नंतरच्या शनिवारी, लिव्हेन सांगू लागला, तो डबी देऊन निघाला आणि टोपी विसरली म्हणून मागे फिरला. फादरच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत फादर डोळे मिटून पावानं वाडगा पुसत होते, बोटं चाटत होते. त्यांनी त्याला पाहिलं नाही.

“तुला सफेत्याचं ठाऊक होतं.”

“तुम्हीच तर सांगितलं होतं सगळ्यांना, उस्ताद.”

“मग बोलला का नाहीस?”

लिव्हेननं बुरुजाखालच्या एका उंचवट्याकडे बोट केलं. गेल्या वर्षीच्या उपासात त्याची बायको हाइला बाळंतपणात तापली होती. बाळ गेलंच होतं. तिच्या अंगात काही राहिना, तेव्हा आख्तनं लपवून तिला वाटीभर मांसाचं कालवण पाजलं. मरायच्या आधी हाइलानं भाबडेपणानं ते फादरना सांगितलं. फादर म्हणाले, देवाच्या उपासापेक्षा जिला जिभेचं सुख प्यारं, तिला मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं शेवटचं तेल नाही. ती हात जोडत होती. ते तेलाची कुपी घेऊन आले तसे परत गेले. हाइलाला भिंतीबाहेर पुरलं.

“मी काही केलं नाही, उस्ताद,” लिव्हेन म्हणाला. “त्यांनी मागितलं ते नेऊन दिलं.”

“तोंड मिटून.”

“हो. तोंड मिटून.”

झेगरला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कणव आली. या दोन्हींचं काय करावं ते त्याला समजेना. त्यानं बुरुजाच्या दगडावर मूठ आपटली. ज्या बाईनं तुझ्या बायकोला कालवण पाजलं तीच आज मिठाच्या कोठीत बसली आहे, हे त्यानं लिव्हेनला सांगितलं. लिव्हेनचा चेहरा पांढरा पडला. सकाळपासून तो इथे उभा राहून हाच विचार करत होता, म्हणाला. सांगायला जायचं म्हणून चार वेळा जिना उतरला होता आणि चार वेळा वर आला होता.

“खाली येऊन बोलशील?”

लिव्हेन उत्तर द्यायच्या आधी खालून कर्णा वाजला. भरतीचं पाणी गडाच्या दाराशी पोचलं होतं आणि पाण्यावर कोतवालाची नाव होती.

५

कोतवाल राझो घाईचा माणूस होता. भरती उतरायच्या आत परत निघायचं, नाहीतर चिखलात नाव रुतणार. सभागृहात पाऊल टाकताच त्यानं विचारलं की बाई कुठे आहे, आणि तिला बांधून न्यायचा दोर मेजावर टाकला. आख्तला आणलं. तिच्या केसांत मीठ होतं. तिनं दोराकडे पाहिलं आणि मग कुणाकडेच पाहिलं नाही.

झेगर पुढे झाला. त्याला भाषण येत नव्हतं, त्यानं आपलं लोखंडाबद्दल सांगावं तसं सांगितलं. विषाच्या एका घोटानं माणूस दिवसात मरतो, पण हिरडीवर निळी रेघ यायला आठवडे लागतात. फादर तीन आठवडे, रोज, थोडं थोडं शिसं खात होते. स्वयंपाकघरातून ते फक्त कोरडा पाव नेत, आणि कालचा काढा शिंक्यात तसाच भरलेला आहे. मग शिसं आलं कुठून, तर माझ्या मडक्यातल्या चिलखताच्या चरबीतून. हा त्यांचा वाडगा, त्यांच्याच पाटाखाली सापडला.

सभागृहात कुजबूज उठली. किल्लेदार ताडकन उभे राहिले. फादरसारख्या उपासकऱ्यावर मेल्यानंतर असला आळ घेताना जीभ झडत नाही का, असं त्यांनी विचारलं. कोतवालाला वेगळीच शंका होती. वाडग्यातली चरबी स्वयंपाकघरातलीही असू शकते, तो म्हणाला, आणि बाईनं तिच्यात दुसरंच काही कालवलेलं असू शकतं. चरबी ती चरबी. ओळखायची कशी?

झेगर याचीच वाट पाहत होता. त्यानं शेगडी मागवली आणि कोळशाच्या तीन ढेपांवर तीन गोळे ठेवले. एक फादरच्या गळ्यातल्या किल्लीनं तळघर उघडून आणलेल्या स्वयंपाकाच्या चरबीचा, दुसरा त्याच्या मडक्यातला, तिसरा वाडग्याच्या कडेचा खरवडून काढलेला. मग गुडघ्यांवर बसून तो लहान भाता चालवू लागला. चरबी तडतडली, पेटली, काळा धूर झाला. सगळे खोकत वाकून बघू लागले.

पहिल्या कोळशावर काहीच उरलं नाही. दुसऱ्यावर आधी पिवळी राख झाली, मग त्या राखेत एक चकचकीत थेंब गोळा झाला. शिशाचा. झेगर तिसऱ्या कोळशाकडे वळला. त्याच्या कपाळावरचा घाम शेगडीत पडत होता. राख पिवळी झाली आणि तशीच राहिली. आख्तचा श्वास त्याला मागून ऐकू येत होता. त्यानं भाता आणखी जोरात दाबला. राख हलली, आणि तिच्यातून मोहरीएवढा पांढरा थेंब सुटून कोळशावर घरंगळला.

“सफेत्याला आगीत घातलं की शिसं बाहेर येतं,” झेगर म्हणाला. “स्वयंपाकघरातल्या चरबीत ते नाही. वाडग्यात आहे. माझ्या चुकीची काय शिक्षा असेल ती द्या. पण या बाईचा इथे संबंध नाही.”

राझोनं थेंब चिमट्यानं उचलला, नखानं दाबून पाहिला आणि दोर उचलून कमरेला गुंडाळला. मग त्यानं विचारलं, मडकं कुलपात असताना चरबी फादरना दिली कुणी?

कुणी बोलायच्या आत लिव्हेन पुढे आला. “मी दिली. दर शनिवारी. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मागितली होती.”

“ते खातात हे तुला ठाऊक होतं?”

लिव्हेननं तोंड उघडलं. तो खरं बोलणार हे झेगरला त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याच्या आधी झेगरच बोलून गेला.

“दिव्यात घालायला म्हणून नेली होती. खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मला सगळं सांगितलंय.”

“पुस्तकावर हात ठेवून सांगशील?”

चॅपलमधून पवित्र ग्रंथ आणला. झेगरनं त्यावर हात ठेवला आणि शब्दन्‌शब्द पुन्हा सांगितलं. आयुष्यात त्यानं थापा पुष्कळ मारल्या होत्या, पण ग्रंथावर हात ठेवून एकही नाही. हे पाप धुऊन घ्यायला कबुली द्यावी लागणार होती, आणि कबुली ऐकायला गडावर आता पाद्रीच नव्हता.

आख्तचे हात सोडले तेव्हा ती झेगरजवळ आली. सकाळी कळलं होतं ना तुला, मग दुपार का केलीस, असं म्हणाली, आणि त्याची काजळलेली बोटं घट्ट धरून उभी राहिली.

किल्लेदारांचा चेहरा पडला होता. त्यांनी फादरवर मनापासून विश्वास ठेवला होता. नियम तर फादरनीच घातला होता, ते सावकाश म्हणाले. उपास मोडून, कबुली न देता जो मरेल तो भिंतीबाहेर. नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी योरिसला दोन माणसं घेऊन दलदलीत खड्डा खणायला सांगितलं.

“नको, मालक,” लिव्हेन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. वर्षभरात त्यानं किल्लेदारांसमोर एवढ्या मोठ्यानं एक शब्द उच्चारला नव्हता.

“त्यांना आतच पुरा. पवित्र जागेत, घंटा वाजवून, काय करायचं ते सगळं करा. पण बाहेर नको. बाहेर माझी हाइला आहे. तिच्या शेजारी नको.”

हाइलाला तेल कुणी नाकारलं होतं ते किल्लेदारांना आठवलं, आणि दर शनिवारची डबी कुणाच्या हातून गेली तेही. मग त्यांनी झेगरकडे पाहिलं. झेगरनं मान खाली घातली. दाराशी पोचलेल्या राझोनं वळून विचारलं की शिपाई काय म्हणाला.

“काही नाही,” गोसविनसाहेब म्हणाले. “पाणी उतरायला लागलंय, तुम्ही निघा.”

मग त्यांनी योरिसला आत, चॅपलच्या भिंतीलगत खणायला सांगितलं.